होणाऱ्या मेहुण्याचं जहाज

कीलला जाऊन आलो म्हटल्यावर इथले मित्र विचारतात, समुद्र कसा आहे? पुण्याहून पत्रं येतात, जहाज केवढं होतं? दोघांनाही उत्तर देतो. समुद्र थंड आहे आणि जहाज फार मोठं होतं. पण मी काही समुद्र पाहायला गेलो नव्हतो, आणि जहाज पाहायला तर मुळीच नाही. एका माणसाला एक गोष्ट न विचारता तिचं उत्तर घेऊन यायचं, एवढ्यासाठी मला जर्मनीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पाठवण्यात आलं होतं. असली कामं आपल्याच घरात निघतात.

आखन

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पत्र मे महिन्याच्या अखेरीस आलं. माझी धाकटी बहीण शालन हिचा साखरपुडा होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगा आरमारात लेफ्टनंट, शिक्षणाने इंजिनियर, नाव श्रीधर. आपल्या आरमारासाठी विलायतेत एक विमानवाहू जहाज तयार होत होतं. त्यावर काम करायचं तर आधी तसल्या जहाजावर शिकून यायला हवं, म्हणून सरकारने काही अधिकारी ब्रिटिशांच्या जहाजांवर धाडले, त्यांत हेही. साखरपुड्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गृहस्थ बोटीत बसले. लग्न परत आल्यावर करायचं ठरलं. सुरुवातीला नानांच्या नावे दोन पत्रं आली आणि मग सात महिने काही नाही. त्यांच्या आईला पत्रं येत होती, हे आमच्या आईला देवळात कळलं. जहाज जूनमध्ये जर्मनीला जाणार आहे, हेही तिथेच कळलं.

शालन मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. लग्न ठरलं तशी ती नोकरी तिला सोडायला लावली, कारण आरमारातल्या अधिकाऱ्याची बायको मास्तरीण असणं आत्याला बरं दिसेना. आता ती घरात बसून होती आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला लग्नाची तारीख विचारत होती.

नानांनी लिहिलं होतं: "तूही जर्मनीत आहेस, तेव्हा श्रीधरपंतांस अवश्य भेटून यावे. आईने खाऊ दिला आहे तो द्यावा. लग्नाचा विषय मात्र आपण होऊन काढू नये. मुलीकडच्यांनी विचारणे बरे दिसत नाही. त्यांच्या तोंडून आपसूक निघेल असे बोलणे ठेवावे. काय निघाले ते सविस्तर कळवावे."

'तूही जर्मनीत आहेस'! नानांच्या मनात जर्मनी ही एक पेठ आहे. आखन बेल्जियमच्या कुशीत आणि कील डेन्मार्कच्या उंबऱ्याशी, हे त्यांना कुणी सांगावं? माझा प्रबंध अर्धवट, प्राध्यापक सुट्टीचं नाव काढलं की चष्मा पुसायला घेतात. पण शालनचा प्रश्न होता. जहाजाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. आठव्या दिवशी सुबक इंग्रजीत कार्ड आलं: शनिवारी दुपारी मोकळा आहे, जरूर या, जहाज दाखवतो. सात महिने सासऱ्यांना चार ओळी लिहायला न जमलेल्या माणसाला मला आठ दिवसांत कार्ड लिहायला जमलं. माझा राग तेव्हाच सुरू झाला होता.

त्यात पराडकर. हा माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टरेट करतो, मूळचा सांगलीचा. मनाने चांगला आहे, पण यंत्र दिसलं की त्याला माणसं दिसत नाहीत. मी जातोय कळल्याबरोबर खोलीत येऊन उभा.

"मध्या, वाफेवर विमान फेकतात तिथे! कॅटापुल्ट! प्रत्यक्ष बघायला मिळेल रे! मी येतो."

"अरे, मी घरच्या कामाला चाललोय. नाजूक काम आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. तू नाजूक काम कर. मी कॅटापुल्ट बघतो."

आईचा खाऊ एका नव्या विद्यार्थ्याबरोबर महिनाभरापूर्वीच बोटीने आला होता. कापडात शिवलेलं गाठोडं: डिंकाचे लाडू, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. लोणच्याच्या बरणीने आपलं अस्तित्व कापडावर एका कोपऱ्यात जाहीर केलंच होतं. गाडीत शेजारची बाई तीन स्टेशनं त्या डागाकडे पाहत होती, चौथ्या स्टेशनाला तिने जागा बदलली.

कील, शुक्रवार संध्याकाळ

युद्ध संपून पंधरा वर्षं झाली, तरी या गावात दोन नव्या इमारतींच्या मध्ये एक मोकळी जागा असते आणि त्या जागेत गवत वाढलेलं असतं. कुणी त्याबद्दल बोलत नाही. ब्रिटिश विमानांनी हे गाव पार भाजून काढलं होतं, आणि आता त्याच ब्रिटिशांचं लढाऊ जहाज पाहायला गावातल्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर वेळापत्रक चिकटवलेलं. लोक मुलांना घेऊन जाणार होते. मला हे फार चमत्कारिक वाटलं. पराडकरला त्या वेळापत्रकात फक्त शेवटची लाँच किती वाजता सुटते एवढं दिसलं.

जेवायला एका खानावळीत गेलो. बटाट्याची कोशिंबीर दिसली. बाईंना विचारलं, यात मांस नाही ना? "नाही नाही, अजिबात नाही." आणून ठेवली, तर बटाट्यांतून गुलाबी तुकडे वर आलेले. म्हटलं, हे काय? "ते श्पेक," बाई म्हणाल्या. म्हणजे डुकराची चरबी. मांस नाही. इथे येऊन दोन वर्षं झाली आणि दर आठवड्याला माझा या देशाशी हा वाद होतो. मी ब्राऊन ब्रेड आणि काकडी खाल्ली. पराडकर, जो आखनमध्ये पहिल्या महिन्यातच बाटला होता, त्याने माझी कोशिंबीर संपवली आणि वर धुरावलेले लहान मासे मागवले. शेपटीसकट खायचे असतात, असं मला दोनदा सांगितलं.

युवकांच्या वसतिगृहात उतरलो होतो. तिथल्या देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी गाठोड्याचा वास घेऊन ते खोलीत ठेवायला मनाई केली. मग ते सायकली ठेवायच्या जागेत राहिलं. सकाळी सहा वाजता मी त्याला भेटायला गेलो, मुंग्या लागल्या नव्हत्या. जर्मनीत मुंग्यासुद्धा परवानगी काढूनच येत असाव्यात.

शनिवार, धक्क्यावर

कीलचा फ्योर्ड म्हणजे आपल्याकडची खाडी, फक्त स्वच्छ. तिच्या मधोमध ते जहाज उभं होतं. मी मनात बोटीसारखं काही धरून गेलो होतो. हे बोटीसारखं नव्हतंच. कुणीतरी एक राखाडी रंगाचं मैदान पाण्यावर आणून ठेवलं होतं आणि त्याच्या एका कडेला, मैदान साफ करताना हलवायचा विसरला असावा तसा, एक उंच इमला. मैदानावर पंख दुमडलेली विमानं ओळीने उभी. पराडकर "अरे! अरे!" एवढंच म्हणत राहिला. सकाळच्या उन्हात खाडीकाठची सगळी घरं त्या जहाजापुढे खेळण्यातली वाटत होती.

लाँचच्या रांगेपाशी पाटी: पिशव्या नेण्यास मनाई. सामान त्या खिडकीत ठेवावे. खिडकीत एक जाडजूड गृहस्थ टोपी घालून बसले होते. मी गाठोडं पुढे केलं. त्यांनी फॉर्मुलार, म्हणजे छापील फॉर्म, काढला. या देशात माणूस मेला तरी आधी फॉर्मुलार निघतो.

"आत काय आहे?"

"खाण्याचे पदार्थ."

"मालक आपण?"

"नाही, जहाजावरचे एक अधिकारी. त्यांच्यासाठी आणलं आहे."

"मग ते आपल्याजवळ कसं?"

समजावलं. त्यांनी पेन्सिल ठेवली, पुन्हा उचलली. "आल्झो, असं आहे. जहाजावरच्या माणसाला द्यायचं असेल तर त्याने स्वतः इथे येऊन सही करून न्यायचं. देणारा कोण, घेणारा कोण, आणि दोघांचं नातं. नातं काय?"

इथे मी अडलो. मेहुणा म्हणावं तर अजून झाला नाही. मित्र म्हणावं तर जन्मात एकदा, तेही मी जर्मनीला निघताना, त्यांच्या दूरच्या चुलत भावाच्या मुंजीत, पाहिलेला. मी म्हणालो, "माझ्या बहिणीशी त्याचं लग्न ठरलंय."

"शोऽन, छान. लग्न केव्हा?"

पुण्यातल्या पंचवीस बायकांनी शालनला विचारलेला प्रश्न आता मला धक्क्यावरच्या खिडकीतून आला होता. मी म्हणालो, माहीत नाही. गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू माझी बहीण आणि तिचं लग्न दोन्ही मी गाठोड्यात बांधून आणलंय. मग त्यांनी नात्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: मेहुणा, होणारा. शिक्का मारला. मला पावती दिली.

या सगळ्यात दोन लाँच गेल्या. रांग मासळीबाजारापर्यंत पोचली होती. आमच्या पुढे एक म्हातारा उभा होता, अंगात निळं जाकीट, हातात कागदात बांधलेला पाव. नाव लोरेंझेन. आम्ही कुठले, काय शिकतो, हे विचारून झाल्यावर त्याने जहाजाकडे हनुवटी केली.

"आम्हीही असलं एक बांधत होतो. इथेच, पलीकडच्या काठाला. मी रिव्हेट मारायचो. युद्धाच्या आधी."

"मग?" पराडकर एकदम जागा झाला.

"पाण्यात सोडलं. बँड वाजला. झेंडे होते. पण त्याच्यावर विमान कधी उतरलं नाही. आज काम सुरू, उद्या बंद. शेवटी रशियन घेऊन गेले म्हणतात. कुठे आहे, बुडवलं का तोडलं, कुणी सांगत नाही." त्याने पावाचा कागद सोडला. "मी विचारतो दर वर्षी. जो दर्यावर्दी भेटेल त्याला विचारतो."

त्याने पावाचा तुकडा मोडला आणि माझी चौकशी केली. मला काय झालं कोण जाणे, रागावलेला माणूस बडबडा होतो तसं मी त्याला सगळं सांगितलं. बहीण, सात महिने, नानांचं पत्र. विषय काढायचा नाही, हेही.

म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण विचारा ना त्याला!"

"आमच्यात मुलीकडचे विचारत नाहीत."

"मग कोण विचारतं?"

"कुणीच नाही. त्यांनी सांगायचं असतं."

"आणि त्याने सांगितलं नाही तर?"

मी त्याला आपली रीत समजावायला गेलो. मुलीच्या बापाने घाई केली तर मुलीत काहीतरी कमी आहे असं वाटतं, मुलाकडच्यांचा मान असतो, वगैरे. जर्मनमध्ये सांगताना त्यातलं एकेक वाक्य तोंडातून बाहेर पडताच इतकं खुळचट ऐकू आलं की मी मध्येच थांबलो. लोरेंझेन म्हणाला, "जा, जा." जर्मनमध्ये 'जा' म्हणजे हो, पण हे दोन 'जा' म्हणजे होकार नव्हे. जर्मन माणूस वाद सोडून देतो तेव्हा असं म्हणतो.

जहाजावर

श्रीधरपंत जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. पांढरा शुभ्र गणवेश, उंच, सडसडीत. "या, मधुकरराव!" त्यांनी हात पुढे केला. गोड आवाज, गोड हसू. हा माणूस माझ्याहून चार वर्षांनी लहान. पण जावई म्हटला की वय पुसलं जातं. "कसे आहात श्रीधरपंत? प्रकृती बरी ना?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच नानांसारखा वाटला.

मग जहाज सुरू झालं. जहाज म्हणजे श्रीधरपंतांचं बोलणं. वरच्या मैदानावर नेलं. विमानं उतरण्याची पट्टी जहाजाच्या नाकासमोर सरळ नसून डावीकडे तिरकी काढलेली असते. का, तर उतरताना विमान थांबलं नाही तर ते पुढे उभ्या विमानांवर न आदळता तसंच पुढे जाऊन पुन्हा उडू शकतं. पट्टीवर आडव्या जाड तारा. विमानाच्या शेपटीला आकडा असतो, तो तारेत अडकतो आणि विमान जागच्या जागी थांबतं. "आकडा अडकला नाही तर?" पराडकर. "तर वैमानिकाने थांबायचं नाही, इंजिन पूर्ण जोरात सोडायचं. मधल्या मध्ये घुटमळला की संपला." असं म्हणून श्रीधरपंत माझ्याकडे पाहून हसले. मला वाटलं, आता निघतोय विषय. निघाला आरसा. उतरणाऱ्या वैमानिकाला आपण बरोबर उंचीवर आहोत का ते एका मोठ्या आरशातल्या दिव्याच्या ठिपक्यावरून कळतं. त्या आरशापुढे पंधरा मिनिटं गेली.

मग कॅटापुल्ट. पट्टीत एक लांब, बारीक खाच. तिच्याखाली नळकांडी, त्यात वाफ, वाफेने ढकलला जाणारा दट्ट्या, दट्ट्याला वर आकडा, आकड्याला विमान. पराडकर सरळ गुडघ्यांवर बसला आणि खाचेत डोकावू लागला. "खाच उघडी, मग वाफ निसटत कशी नाही?" त्याने विचारलं, आणि श्रीधरपंतांचा चेहरा असा उजळला की साखरपुड्याच्या फोटोतही तो इतका उजळलेला नव्हता. दोघं खाली वाकले. मी उभा राहिलो. वारा इतका की टोपी हातात धरायला लागत होती. एक जर्मन आई आपल्या मुलीला विमानापुढे उभं करून फोटो काढत होती.

मी मधूनमधून गळ टाकत होतो. "पुढचा बेत काय, श्रीधरपंत?" तर म्हणाले, पुढे नॉर्वे. "परत केव्हा जाणार?" तर म्हणाले, सरकार ठरवील तेव्हा. "घरची आठवण येते ना?" तर म्हणाले, "आईच्या हातच्या आमटीची येते." सासूबाईंच्या हातच्या लाडवांचा विषय इथे यायला हरकत नव्हती. आला नाही.

विमानं खाली नेणाऱ्या पाळण्यातून आम्ही खालच्या दालनात उतरलो. आख्खी विमानं वरखाली नेणारी ती फरशी माणसांसकट खाली सरकते. खाली रॉकेल, रबर आणि नव्या रंगाचा वास. तिथून पुढे लोखंडी बोळ, प्रत्येक दाराला हातभर उंच लोखंडी उंबरठा. दुसऱ्या उंबरठ्याला माझी नडगी फुटली. चौथ्याला डोकं वर आपटलं. श्रीधरपंत "सांभाळून, मधुकरराव" म्हणत होते, दर वेळी आपटून झाल्यावर.

अधिकाऱ्यांच्या खोलीत चहा मिळाला. दुधाचा, साखरेचा, आपला चहा. दोन वर्षांच्या जर्मन कॉफीनंतर तो पहिला घोट घेताना माझा राग थोडा ओसरला, हे कबूल करतो. मनात आलं, मुलगा चांगला आहे. हुशार आहे, नम्र आहे, कामात रमलेला आहे. शालन सुखी होईल. थोडं थांबायचं फक्त, विषय निघेल.

घड्याळात सव्वाचार वाजले. शेवटची लाँच साडेचारची होती.

पुन्हा धक्क्यावर

गाठोडं न्यायला श्रीधरपंतांना आमच्याबरोबर किनाऱ्यावर यावंच लागलं. लाँचमध्ये ते पराडकरला वाफेचा दाब समजावत होते. मी नानांना काय लिहायचं ते मनात जुळवत होतो: 'प्रकृती उत्तम. जहाज प्रशस्त. वाफेवर चालते.'

खिडकीतल्या गृहस्थांनी गाठोडं आणि फॉर्मुलार पुढे ठेवला. घेणाऱ्याची सही इथे. श्रीधरपंतांनी पेन काढलं आणि कागदावर नजर फिरवली. जर्मन त्यांना येत नव्हतं. "हे काय लिहिलंय?" त्यांनी सहज विचारलं.

"नातं," पराडकर उत्साहाने म्हणाला. "मेहुणा, होणारा! जर्मन लोक कसे, होणारा सुद्धा लिहितात."

श्रीधरपंतांचा हात तिथेच राहिला. गृहस्थ म्हणाले, "बिट्टे, इथे सही." मागे रांग होती. श्रीधरपंतांनी पेनला टोपण लावलं.

"मधुकरराव, ही सही मी करू शकत नाही."

"का? कागदाचं काय एवढं? जर्मन लोकांची पद्धत आहे."

"कागदाचं नाही." ते खाली बघत म्हणाले. "मला हे सांगायचंच होतं. नाना विचारतील तेव्हा सांगेन, असं ठरवलं होतं. नानांची तीन पत्रं आली. तिन्हीत हवापाण्याची चौकशी. आज तुम्ही याल, तुम्ही विचाराल, म्हणून सकाळपासून तयारी करून होतो. तुम्हीही विचारलं नाही."

सगळी रांग उभी होती. तो म्हातारा लोरेंझेन बाकावर बसून आमच्याकडे पाहत होता. आणि माझा तोल सुटला. मान, रीत, जावई, सगळं त्या खाडीत गेलं.

"अरे, मग आता विचारतो! लग्न करायचंय की नाही? हो की नाही? एक शब्द सांग!"

"नाही," श्रीधर म्हणाला.

मी गाठोडं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"तिच्यात काही दोष नाही," तो म्हणाला. "मी तिला दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा तिने मान वर केली नाही. मी कुणाशी लग्न करतोय तेच मला कळलं नाही."

"मान वर करून बोलली असती तर तुझ्या मातोश्रींनीच नापसंत केली असती! तिची नोकरी गेली तुझ्यापायी. वर्ष गेलं. सात महिने तू गप्प, कारण कुणी विचारलं नाही? विमानाला तार कशी अडकते ते न विचारता तीन तास सांगतोस, आणि हे सांगायला तुला विचारायला लागतं?"

तो ऐकून घेत होता. डोळ्यांत पाणी होतं, तरी मला त्याचा रागच आला. शेवटी तो म्हणाला, "तुमचं सगळं खरं आहे. पण तुम्ही मला एवढं सांगा. तिला काय आवडतं?"

"वाचन," मी म्हणालो. "शिवणकाम. स्वयंपाक."

बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, की हे तीन शब्द नानांनी स्थळं पाहताना कागदावर लिहून दिले होते, आणि त्या कागदाची नक्कल मीच केली होती. मी आणखी काही आठवायला गेलो. तेवढ्यात जहाजाच्या लाँचचा भोंगा वाजला. श्रीधरने मला वाकून नमस्कार केला, धाकट्याने थोरल्याला करावा तसा, आणि तो निघून गेला.

खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्मुलारवर एक लांब रेघ मारली, 'परत केले' असं लिहिलं आणि मला सही करायला लावली. लोरेंझेन बाकावरून उठून आला. त्याला आमची भाषा येत नव्हती, तरी त्याने विचारलं, "नाही म्हणाला?"

"नाही म्हणाला."

"गूट," म्हातारा म्हणाला. "निदान कळलं तरी." आणि हात मिळवून निघून गेला.

परत

रविवारी गाडीत पराडकर हांबुर्गपर्यंत अपराध्यासारखा गप्प होता. त्याच्या आयुष्यातला तो विक्रम असावा. त्यानंतर त्याने हळूच गाठोड्याचा टाका उसवला. मी त्याच्यावर ओरडलो. मग मीही एक लाडू खाल्ला. आईने तूप सढळ हाताने घातलं होतं. कोलोनपर्यंत आम्ही अर्धे लाडू संपवले, आणि त्यातल्या प्रत्येक लाडवाला मी श्रीधरचं नाव घेऊन शिव्या दिल्या.

नानांना लिहायला बसलो. सवयीप्रमाणे लिहिलं असतं तर 'योग दिसत नाही' असं काहीतरी लिहिलं असतं आणि आणखी तीन महिने घरात त्याचा अर्थ लावण्यात गेले असते. म्हणून मी आमच्या घराण्यात कुणी केलं नसेल ते केलं. नानांना चार ओळी लिहिल्या आणि शालनला थेट, तिच्या नावावर, आठ पानं लिहिली. धक्का, खिडकी, फॉर्मुलार, सगळं. भर रांगेत मी त्याला कसं विचारलं तेही, जरा रंगवूनच लिहिलं. मला त्या विचारण्याचा अभिमान वाटत होता. भावाने बहिणीसाठी काहीतरी केलं होतं.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. निळं, पातळ पत्र, अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं ठळक.

"ती. दादास सा. न.

तुझं पत्र पोचलं. नाना दोन दिवस जेवले नाहीत, आता जेवतात. आत्या म्हणते दृष्ट लागली. आईला लाडू परत नेलेस याचं वाईट वाटलं, मग पराडकरांनी खाल्ले वाचून बरं वाटलं. शाळेत जाऊन बाईंना भेटले. दिवाळीनंतर घेते म्हणाल्या. भूगोलच मिळेल, पण खालचे वर्ग.

तू त्यांना धक्क्यावर सगळ्यांदेखत विचारलंस, हो की नाही. ते मी दोनदा वाचलं. साखरपुड्याआधीही आणि नंतरही, हे मला कुणीच विचारलं नाही. नानांनी नाही, आईने नाही, आणि आठ पानं लिहिलीस त्यात तूही नाही. विचारलं असतंस तर दादा, तुला एवढ्या लांब जावंच लागलं नसतं."